मानोऱ्याच्या चुलीवरचा बांबू

"वाशीमला फिरायला कोण जातं?" ऑफिसात एकाने विचारलं. मी जाते, म्हटलं आणि रजा टाकली.

कारण आधी सांगते. गेली काही वर्षं मी पुण्यात जपानी पद्धतीच्या फुलटोपल्या करायला शिकते आहे. फुलं मांडायची बांबूची टोपली, एवढंच. लांबून साधी दिसते. जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक कामटी, म्हणजे बांबूची तासलेली पट्टी, सारख्या जाडीची आहे, षटकोनी विणीचं प्रत्येक घर सारखं आहे, आणि आत पाण्यासाठी एक नळी लपवलेली आहे. पाणी टोपलीत नाही, नळीत राहतं. माझी नोकरी चाचणी प्रयोगशाळेत आहे; प्लास्टिकच्या पट्ट्या यंत्रात ओढायच्या आणि त्या कुठे, कशा तुटतात ते बघायचं. टोपलीचं काम मला यापेक्षा फार वेगळं वाटत नाही. कामटी चुकीची तासली असेल तर ती वाकवतानाच सांगते.

आमच्या मॅडम जपानला राहून हे शिकून आल्या. वर्गाचं वर्षातून एक प्रदर्शन होतं. प्रत्येक टोपलीशेजारी छोटं कार्ड असतं: बांबू कुठला, पद्धत कुठली, करणार कोण. बांबू नेहमी बाहेरून मागवलेला. यंदा मी म्हटलं, मी आपल्याकडचा वापरते.

"इथला बांबू सूप-टोपल्यांना ठीक आहे, ऋतुजा," मॅडम म्हणाल्या. "ही कला आहे."

त्या वाईट नाहीत. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. माझं आडनाव मानोरकर. त्यावरून आम्ही मानोऱ्याचे, हे कळतं. मानोऱ्यात काय करायचो, ते कळत नाही. बाबांनी तेवढ्यासाठीच आडनाव बदललं. आम्ही बुरूड. सूप-टोपल्या करणारे ते आम्हीच.

घरी सांगितलं तर आईने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. तीही बुरूडाचीच, माहेर केनवडचं. पण तिने कामटी हातात धरलेली मी कधी पाहिलेली नाही. आमच्या घरात सूप प्लास्टिकचं आहे.

"बांबू आण, टोपली कर, काय ते कर," ती म्हणाली. "पण त्या कार्डावर बुरूड लिहू नकोस."

"का?"

"आम्ही जे पुसत आलो ते तू काढून भिंतीवर लावू नकोस."

म्हणजे मॅडमना बांबू नको होता आणि आईला नाव. मी दोन्ही करायचं ठरवलं.

पुण्याहून वाशीमला ट्रॅव्हल्स संध्याकाळी सुटतात आणि सकाळी पोचवतात. लग्नसराईत भाडं वाढतं, तेव्हा आधी बुक करा. वाशीमच्या स्टँडबाहेर गरम आलुबोंडा मिळतो, सोबत तळलेली मिरची. चहा गोड असतो. कमी साखरेचा मागितलात तर माणूस तुमच्याकडे आजारी असल्यासारखा बघतो. तिथून मंगरुळपीर, पुढे मानोरा, दोन्ही एस.टी.ने. बायकांना अर्धं तिकीट आहे. मंगरुळपीरपर्यंत रस्ता चांगला. पुढे मधेमधे उखडलेला, पण खिडकीशी बसलात तर तक्रार करावीशी वाटत नाही: फुलावर आलेली तूर, वेचणी चाललेला कापूस, मधेच हरभऱ्याचा पोपटी तुकडा. मानोऱ्यात लॉजच्या भरवशावर जाऊ नका. वाशीमला मुक्काम करून दिवसात जाऊन येता येतं.

शेजारच्या सीटवरच्या बाईने माझी पिशवी चाचपली. आत तासण्याच्या सुऱ्या होत्या.

"काय वं, एवढ्या सुऱ्या? डाक्टरीन हायेस काय?"

"नाही. टोपल्या करते."

"हो?" तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि मागे वळून मैत्रिणीला म्हणाली, "म्हने टोपल्या करते. सांगाचं नसन त नोको सांगू, बाप्पा."

सुधाकरकाका बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं आणि शांताकाकूंचं घर बाजाराच्या मागच्या आळीत आहे. अंगणात हिरवे बांबू टेकवलेले, ओसरीवर टोपल्यांची उतरंड. काका बांबू फोडतात, काकू विणतात, आणि बोलायचं काम पूर्णपणे काकूंकडे आहे.

"आली का पुन्याची इंजिनेर! बस. तुह्या बापाले आमची आठोन येत नाही, तुले कशी आली?"

"बांबू पाहिजे, काकू."

"पाय बरं!" त्या काकांना म्हणाल्या. "मले वाटलं पोरगी जीव लावाले आली. हे त माल न्याले आली."

इकडचा बांबू मानवेल. आतून जवळजवळ भरीव. जपानी टोपलीची नळी बांबूच्याच पोकळ कांड्याची करतात. भरीव बांबूची होणार नाही, हे मला निघतानाच माहीत होतं. पण कामट्या वरच्या सालीजवळच्या भागाच्या काढतात, आणि तिथे मानवेलीचे धागे दाट असतात. मला तेच तपासायचं होतं.

ते तपासायच्या आधीच दुसरं काही सापडलं. मी हातपाय धुवायला मागे गेले. काकू न्हाणीशेजारच्या चुलीत पाणी तापवायला जळण सारत होत्या. काळपट तपकिरी, चकाकणाऱ्या काठ्या. एकीवर मधेच दोन फिके पट्टे होते, जिथे कधीकाळी दोरी बांधलेली असावी.

"थांबा, काकू!"

"काहून? बांबूच हाय, साप नाही."

मॅडमकडे असा एक तुकडा आहे. कापडात गुंडाळून ठेवतात. जपानमधल्या जुन्या घरांच्या छपरातला, खालच्या चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं मुरलेला. रंग दिलेला नसतो, धुराने आलेला असतो, आणि दोरी बांधलेल्या जागा तेवढ्या फिक्या राहतात. फुलटोपलीसाठी याहून मानाचा बांबू नाही. वर्गात आम्ही तो फक्त पाहायचा, हात लावायचा नाही.

काकांनी पावसाळ्याआधी जुन्या सैपाकघराचं छप्पर काढून पत्रे टाकले होते. काढलेले बांबू मागे रचले होते. त्यातले निम्मे आंघोळीच्या पाण्याखाली जळून गेले होते.

मी चुलीतली काठी ओढून विझवली. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"आता पानी काय तुह्या डोक्यावर तापवू?"

ढीग उपसला. बऱ्याच काठ्यांना भुंगा लागलेला होता. आपटलं की पीठ गळायचं. चांगल्या निघाल्या त्या मोजक्याच. पहिली फोडून कामटी काढली, वाकवली, आणि ती कट्कन मोडली. मोडलेली जागा सपाट होती, धागे न ताणता तुटलेली. सुकून ठिसूळ झाली होती.

"भिजू घाल," काकू म्हणाल्या. "रातभर."

भिजू घातल्या. सकाळी त्या वाकल्या, पण उभ्या चिरत गेल्या. हिरव्या बांबूला चालणारा उपाय या जुन्याला मानवला नाही. मग मी वर्गात शिकलेलं केलं: ओल्या फडक्याने पुसायची, निखाऱ्यावर फिरवत शेकायची, तेल सुटून साल चमकायला लागली की हळूहळू वाकवायची. वाकली. थंड झाल्यावर तशीच राहिली.

काकूंनी ती हातात घेतली, डोळ्याजवळ नेली. "हूं," म्हणाल्या. "शेकभाकर केली म्हन की बांबूची." मग मला निखारे कमी पडू नयेत म्हणून स्वतःच फुंकत बसल्या. दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तुरीच्या ओल्या दाण्यांचं झणझणीत वरण होतं. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं.

वीण बसायला लागली तशी आळीतल्या बायका डोकावून जाऊ लागल्या. "एवढाल्या भोकाची? ह्यात काय राह्यते?" एकीने विचारलं.

"फुलं."

"फुलाले टोपली कायले? देवाले वाह्यली की झालं."

काकू माझ्या बाजूने बोलल्या. "तिची हाय, तिच्या मनाची करू दे. तुह्या घरी काचेच्या कपाटात रिकाम्या बशा ठेवतंस, त्यात काय राह्यते?"

काठ बांधायला घेतला तेव्हा मात्र त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "तसा नाही. आपल्या घरची गाठ उजवीकून येते. तुह्या मायची, केनवडवाल्यायची, उलटी. लगन होऊन आली, अन् पहिल्याच दिवशी सुपाचा काठ उलटा बांधला. सासू म्हने, हे कोनाचं सूप वं? अर्धा बाजार हासला. पन हात! इतला फास्ट हात या आळीत कोनाचा नव्हता."

"आईचा?"

"मंग काय माहा?"

मी आठवत राहिले, पण आईच्या हातात पोळपाट, रिमोट आणि भाजीची पिशवी याशिवाय काही दिसेना.

आता ‘झाल’ नावाच्या टोपलीबद्दल सांगायला हवं, कारण तिथे मी गडबड केली. लग्नात मुलीची पाठवणी करताना कणकेचे दिवे लावलेली मोठी टोपली सासरच्या माणसांच्या डोक्यांना लावतात. मुलगी आता तुमच्या हवाली, असं. ती टोपली म्हणजे झाल. काकूंनी एका लग्नघरासाठी ती विणून ओसरीत ठेवली होती, आणि दुपारी नवरीची आई न्यायला येणार होती. सकाळी मला दिसलं की झालीच्या काठाची शेवटची कामटी मोकळीच लोंबते आहे. वर्गात मोकळं टोक म्हणजे अर्धवट काम. काका-काकू बाजारात गेले होते. मी टोक ओवलं, गाठ मारली आणि सालीलगत बारीक कापून टाकलं. सफाईदार झालं होतं, हे आजही सांगते.

काकू परत आल्या. झाल पाहिली. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी गाठीवर बोट ठेवलं.

"एका लग्नाची झाल दुसऱ्या लग्नाले चालत नाही," काका म्हणाले. "म्हून आमी ते टोक खुल्लं ठेवतो. नेनारी येते, तिच्यासमोर बांधतो. बांधेल दिसली की वापरेल हाय समजते."

म्हणजे मोकळं टोक हे सील होतं. औषधाच्या बाटलीवर असतं तसं. मी ते फोडून ठेवलं होतं.

तेवढ्यात ऑटो थांबला. नवरीची आई उतरली, अंगाने भरलेली, डोक्यावर पदर, हातात हळदी-कुंकवाचं ताट. झालीकडे एकदाच पाहिलं.

"हे त बांधेल हाय, शांताबाई. जुनी देऊन राह्यली का मले?"

"नाही वं माय, पुन्याची पोरगी हाय, तिले समजत नाही..."

"समजतं मला," मी म्हटलं. "मीच बांधली. आज सकाळी. कापलेलं टोक इथे पडलंय." भुशातून तुकडा शोधला, कापलेल्या जागेला लावून दाखवला. धाग्याला धागा जुळत होता; माझ्या नोकरीत तुटलेल्या गोष्टी अशाच जुळवतो.

बाईंनी तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. "ते मले दाखवू नोको. तू कोन?"

ऑटोवाला बघत होता. शेजारच्या दारात तीन बायका उभ्या होत्या. पुण्यात या प्रश्नाला मी इंजिनिअर असं उत्तर देते, आणि तेही खोटं नाही.

"बुरूड," मी म्हटलं. "यांची पुतणी."

"चष्मेवाली बुरूडीन?"

"चष्मेवाली."

"मंग काठ खोल. अन् माह्यापुढं बांध."

ती पाटावर बसली. काकूंनी चहा टाकला. टोक कापलेलं असल्यामुळे जुनी कामटी पुरणार नव्हती. पूर्ण काठ नवा करावा लागला. काकांनी हिरवा बांबू फोडून दिला. तासायचं मीच केलं. मोजमापाचा कॅलिपर पिशवीतच राहिला, अंगठ्याने जाडी घेतली. मागून काकूंचा आवाज येत होता, "उजवीकून वं, उजवीकून, केनवडले नोको जाऊ." नवरीची आई चहा पीत एकटक माझ्या हातांकडे पाहत होती. मी घाई केली नाही. तिला पाहायचं होतं, तर सगळं पाहू दे.

गाठ बसली. तिने बोटाने ओढून पाहिली. मग झालीला कुंकू लावलं, काकूंना लावलं, मला लावलं.

"पोरगी बुरूडाचीच हाय," काकूंना म्हणाली. "पन गाठ लय आवळते. सासरी कसं होईन इचं?"

"सासरचे पाहून घेतील," मी म्हटलं. आख्खी आळी हसली.

निघताना टोपली पूर्ण झाली होती. काठाची शेवटची कामटी मी मोकळी ठेवली. काकूंनी पाहिलं आणि मूठभर तूर आत टाकली. रिकामी टोपली आमच्यात देत नाहीत.

वाशीमला नळीचं काम उरलं होतं. बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांना डाग देणारे एक चाचा सापडले. टोपली दाखवली, आतल्या मापाची तांब्याची नळी हवी म्हटलं.

"पानी इसमें रहेगा," त्यांनी नळीच्या जागेवर बोट ठेवलं. "तो फिर टोपली कायले पायजे?"

"दिसायला."

"दिखाने को! ऐसा बोल ना." त्यांनी पत्रा गोल वळवला, बूड डागलं, पाणी भरून बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "जा, चहा पिऊन ये. तवर गळली त पैसे देऊ नोको." गळली नाही. स्टँडजवळच्या बाजारात असे दोन-तीन कारागीर आहेत. मोडकी पितळी भांडी घरात पडून असतील तर घेऊन जा.

पुण्यात प्रदर्शनाच्या सकाळी मॅडमनी टोपली उचलली. फिक्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा आवाज बदलला. "हा बांबू कुणी दिला तुला? याची किंमत माहिती आहे?"

"माहिती आहे. काकूंच्या चुलीतून काढला. वाशीम जिल्हा."

त्यांनी टोपली फिरवून काठ पाहिला. मग म्हणाल्या, "काम चांगलं आहे. हे एक टोक राहिलंय, कापून घे. आणि कार्ड बदलू या."

कार्डावर मी लिहिलं होतं: बांबू – मानवेल, चुलीच्या धुरातला, मानोरा. पद्धत – जपानी वीण, बुरूडकामाचा काठ. करणार – ऋतुजा मानोरकर, बुरूड.

"जपानी पद्धत एवढंच पुरे आहे. लोकांचा गोंधळ होईल."

"होऊ दे."

"मग मधल्या मांडणीत नाही ठेवता येणार."

"चालेल. टोक आणि कार्ड मात्र असंच राहील. नाहीतर टोपली परत नेते."

त्यांनी ती दाराजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितली. आत मी मंडईतून आणलेली तुरीच्या शेंगांची एक फांदी लावली. दाराजवळ असल्यामुळे येणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच थांबत होता.

"जपानहून आणलीत का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"मानोऱ्याहून."

"अरे वा! तिकडे जपानी लोक आहेत?"

"नाही. तिकडे आम्ही आहोत."

त्यांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग टोपलीकडे पाहिलं, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही.

आई प्रदर्शनाला आली नाही. गुडघा दुखत होता म्हणे. बाबा आले, कार्डासमोर हाताची घडी घालून उभे राहिले आणि पार्किंगचं कारण सांगून लवकर गेले.

टोपली आता घरी आहे, दारातल्या चपलांच्या कपाटावर. शेजारी कार्ड. सुरुवातीला रोज सकाळी आई धूळ पुसताना कार्ड पालथं घालायची. संध्याकाळी आल्यावर मी ते उभं करायचे.  पाहुणे आले तरी मी तिथून हलवलं नाही. आणि आईने, हेही सांगायला हवं, कधी उचलून आत ठेवलं नाही.

मानोऱ्याला जाणार असाल तर थंडीत जा. लग्नसराई असेल तर काकूंना वेळ नसेल, पण बोलतील. छपराचे जुने बांबू कुणी जाळत असेल तर आधी विचारा. हे सगळं मी काल लिहून ठेवलं होतं आणि पोस्ट इथेच संपणार होती.

आज ऑफिसातून आले. कार्ड उभं होतं. कपाटावर पाण्याचा एक ओला डाग होता, कामटी ओली करायला वाटी ठेवतात तसा गोल. टोपलीचं मोकळं टोक जागेवर नव्हतं. मी चष्मा काढून पुसला आणि काठ उजेडाला धरला.

आत आई पोळ्या करत होती. 

गाठ डावीकडून आली होती.